एका दाराला दोन कुलपं

१३ जानेवारी, सोमवार

आज आलं ते असं. चहाचे कप-बशा बारा, १४४. (दीडशे सांगत होता. दोन बशांचे टवके उडालेले दाखवले, तेव्हा सहा सोडले. टवक्यातून चहा गळत नाही.) चहापत्ती अर्धा किलो, ९०. साखर दोन किलो, ८०. बिस्किटांचा मोठा पुडा, ३५. घडीच्या खुर्च्या सहा, भाड्याने, महिन्याचे ६०. एकूण ४०९.

शिवाय नव्या उपमुख्याध्यापिकाबाई, एक. संस्थेने पाठवल्या, फुकट. फुकट आलेली वस्तू फार महाग पडते, असं माझी आई म्हणायची.

हा खर्च घरात धरायचा की शाळेत, ते ह्यांना विचारलं. म्हणाले, "बघू." म्हणजे शाळा देईल.

मुळात हे कप आणायची वेळ का आली, ते लिहून ठेवते, नाहीतर पुढच्या वर्षी मीच वही उघडून विचारीन की बाई, ही उधळपट्टी कसली. आमचं घर शाळेच्याच आवारात, मागच्या अंगाला. मुख्याध्यापकाला मिळतं ते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळेचा जिना दिसतो आणि माडीवरची कोपऱ्यातली खोली दिसते. तिला दोन बाजूंनी खिडक्या, उजेड भरपूर. सकाळी शाळेत लहान मुलांचे वर्ग भरतात, दुपारी त्याच बाकांवर मोठ्यांचे. त्यामुळे शिक्षकांचेही दोन पक्ष, सकाळ आणि दुपार. पहिलीच्या बाई म्हणतात, ती खोली सरांनी लहान मुलांच्या वाचनाला कबूल केली होती. गणितसर म्हणतात, सरांनी ती आम्हाला प्रयोगांसाठी कबूल केली होती. मागे एकदा एकाच दिवशी सकाळने चटया नेऊन टाकल्या आणि दुपारने काचेच्या बाटल्या. मग सकाळने वरच्या कडीला पितळी कुलूप लावलं, दुपारने खालच्या कोयंड्याला लोखंडी. तेव्हापासून दोघांनाही आत जाता येत नाही. चटया आणि बाटल्या मात्र अंधारात गुण्यागोविंदाने नांदताहेत.

दोन्ही पक्ष एकमेकांना ओलांडून पाणी प्यायलासुद्धा जात नाहीत आता. संस्थेच्या अध्यक्षांनी ह्यांना कळवलं आहे की फेब्रुवारीअखेरच्या वार्षिक सभेपर्यंत हे मिटलं नाही, तर मुख्याध्यापकपद सोडावं लागेल. खुर्ची गेली की घरही गेलं. शाळेच्या खोलीत बसलं की भांडणंच होतात, म्हणून बोलणी आमच्या बाहेरच्या खोलीत व्हायची आहेत. म्हणून कप.

ह्यांची यात तिळभर चूक नाही. पहिलीच्या बाई आल्या तरी गोड बोलले, गणितसर आले तरी गोड बोलले. आयुष्यात कुणाला "नाही" म्हणून दुखावलं नाही. एवढा सज्जन माणूस वर असताना खालचे असे का भांडतात, देव जाणे.

१५ जानेवारी, बुधवार

नव्या बाई येऊन गेल्या. चाळिशीच्या आतबाहेर. कपडे साधे, पण कडक इस्त्रीचे. (इस्त्री रोज करत असतील तर वीज किती जाते?) हसताना तोंडावर हात घेत नाहीत. माझ्या वेताच्या खुर्चीवर बसल्या. तिथे मी बसते हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण ह्यांना होतं.

चहा दिला तेव्हा म्हणाल्या, "वहिनी, तुमचं नाव काय?"

या आवारात इतकी वर्षं झाली, शाळेतल्या कुणी मला नाव विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "वहिनीच म्हणा." एकदम नावावरच आल्या. आज नाव, उद्या आणखी काही.

त्यांची बैठक चालवायची तऱ्हा ऐका. एकाने बोलायचं. दुसऱ्याने लगेच उत्तर द्यायचं नाही. आधी म्हणायचं, "तुमचं म्हणणं असं की," आणि त्याचं बोलणं त्यालाच परत सांगायचं. तो जेव्हा म्हणेल, "हो, हेच," तेव्हाच आपलं तोंड उघडायचं. माझ्या मनात आलं, हे तर पोपटाचं काम.

पहिलीच्या बाई म्हणाल्या, "लहान मुलांना खाली ग्राउंडचा गोंगाट, वाचताना एक अक्षर ऐकू येत नाही, म्हणून वरची खोली हवी."

गणितसर म्हणाले, "यांचं म्हणणं असं की यांना खोली हवी, कारण यांना हवी."

"हे नाही!"

"बरं. यांना खोली हवी, कारण आम्हाला हवी."

"बघा बाई, बघा! असं बोलतात!"

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, गणितात पायऱ्या गाळल्या तर गुण देता का?" सगळे हसले. गणितसरसुद्धा. मग तिसऱ्या खेपेला त्यांनी नीट सांगितलं, ग्राउंडच्या गोंगाटासकट. पहिलीच्या बाई "हो, हेच" म्हणाल्या आणि पदराच्या टोकाने डोळे पुसू लागल्या. एवढ्यात रडायला काय झालं, कळलं नाही.

सगळ्यात नवल ह्यांचं. ड्रॉइंगसरांनी खडूच्या भुकटीचं लांबलचक गाऱ्हाणं सांगितलं. ह्यांनी ते अथपासून इतिपर्यंत परत सांगितलं, खोकल्याच्या औषधाच्या नावासकट. मी गॅस संपत आला म्हटलं तर "हं" म्हणतात, आणि संपला की विचारतात, "असा कसा संपला?"

१८ जानेवारी, शनिवार

जेवताना म्हणाले, "आम्ही ठरवलंय की आता दर बुधवारी बसायचं."

"आम्ही म्हणजे कोण?"

"म्हणजे बाई आणि मी."

सासूबाई घास चावता चावता म्हणाल्या, "मग आम्ही दोघी कोण?"

"तुम्ही घरच्या, आई."

"हो ना. घरच्यांना कोण विचारतंय! घरची म्हैस आणि दारचं झाड, दोघांनाही पाणी घातलं की झालं."

मी हसले नाही. जप करायला बसले. माळेचे मणी बोटांतून जात होते आणि मन बाहेर, त्या बाईंच्या चपला असतात त्या पायपुसण्यापाशी. देवा, मला क्षमा कर. पण तू तरी बघ, लग्नानंतर एकोणीस वर्षांत ह्यांनी माझ्याबरोबर "आम्ही ठरवलं" असं काय म्हटलं? पडद्याचा रंगसुद्धा मी ठरवला आणि हे "छान" म्हणाले.

२२ जानेवारी, बुधवार

बाई आज वेळेआधी आल्या. हे शाळेतच होते, म्हणून सरळ स्वयंपाकघरात. मी भांडी घासत होते. म्हणाल्या, "बसू का इथे?" मी पाट दिला. खुर्ची बाहेर आहेच त्यांची.

इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, एक विचारू? सर 'बघू' म्हणतात, तेव्हा तुम्ही काय समजता?"

"हो समजते. दुसरं काय समजायचं?"

"आणि मग होतं का ते?"

मला राग आला. म्हटलं, सांगूनच टाकावं, किती धडधडीत उदाहरणं आहेत. न्हाणीघराच्या दाराला कडी लावायची, त्याला बघू म्हणाले, ती लागायची आहे. सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं, बघू म्हणाले, ते राहिलंय. माझ्या आईकडे आठ दिवस जायचं, त्यालाही दर वर्षी बघू म्हणतात, ते या उन्हाळ्यात व्हायचंय. "पण नाही असं कधी, एकदासुद्धा म्हटलं नाही त्यांनी," मी म्हटलं. "असा नवरा मिळायला पुण्याई लागते."

बाई नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. दुसऱ्याच्या संसारात डोकावल्याची लाज वाटली असणार. वाटायलाच हवी.

जाताना स्वतःचा कप स्वतः धुऊन पालथा घातला. साबण केवढा घेतला! चार कपांचा साबण एका कपाला. आणि माझ्या घरात पाहुणीने कप धुवायचा म्हणजे मी काय मेले आहे?

२९ जानेवारी, बुधवार

बैठक झाली. दोन्हीकडचे थोडे निवळलेत म्हणे. गणितसर सकाळवाल्यांना "नमस्कार" म्हणाले. हे खुशीत. खुशीत असले की शीळ वाजवतात, हे मी विसरूनच गेले होते.

शीळ ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

३० जानेवारी, गुरुवार

पहिलीच्या बाई शिवणयंत्राची सुई मागायला आल्या. सुई दिली (परत यायची आहे). बसल्या, आणि बसल्यावर माणूस बोलतंच. म्हणाल्या, "वहिनी, बुधवारी दोनदा 'हो, हेच' म्हणून मी दमले हो. खोली मिळणार का नाही, ते कुणी सांगत नाही."

मी फक्त एवढंच म्हटलं की ह्यांचा कल पहिल्यापासून लहान मुलांकडेच आहे. मध्ये ह्या नव्या बाई आल्या म्हणून अडलं. आणि बाईंना ह्यांची खुर्चीही आवडलेली दिसते.

यात खोटं एक अक्षर नाही. "दिसते" म्हटलं. "आवडली आहे" असं म्हटलं नाही. आणि त्या माझ्या वेताच्या खुर्चीत कशा रेलून बसतात, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

३ फेब्रुवारी, सोमवार

काय लिहू! सकाळी पोरं यायच्या आत पहिलीच्या बाईंनी शिपाईमामांकडून हातोडी घेतली आणि दुपारवाल्यांचं लोखंडी कुलूप तोडलं. सरांचीच इच्छा आहे, म्हणाल्या. दुपारी गणितसर आले, बघितलं, आणि शाळाभर ऐकू जाईल असं बोलले. मग त्यांनी पितळी कुलूप तोडलं. ते म्हणे जास्त मजबूत होतं, त्यांचा अंगठा सुजलाय. अध्यक्षांकडे दोन्ही बाजूंची तक्रार गेली.

बुधवारपर्यंत थांबायला नको म्हणून संध्याकाळी आमच्याकडेच सगळे जमले. कुणी बिस्किटाला हात लावला नाही.

गणितसर नव्या बाईंना म्हणाले, "हे सगळं नाटक कशासाठी ते कळलंय आता. सरांना उठवायचं आणि तिथे आपण बसायचं."

माझ्या हातातली गाळणी कपावरच राहिली. हे गणितसरांपर्यंत पोचलंसुद्धा!

बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचं म्हणणं असं की मला सरांची खुर्ची हवी आहे."

"हो, हेच!"

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

गणितसरांनी पहिलीच्या बाईंकडे पाहिलं. पहिलीच्या बाईंनी स्वयंपाकघराच्या पडद्याकडे पाहिलं. पडदा माझा होता आणि त्याच्या मागे मीच होते. नव्या बाईंचीही नजर पडद्यावर आली. खालून माझी पावलं दिसत असणार. पडदा शिवताना मी कापड वाचवलं होतं.

"कुणी सांगितलं ते राहू दे," बाई म्हणाल्या. "उत्तर देते. नाही. मला खुर्ची नको आहे. मी सभेनंतर जाणार आहे, तसं आधीच ठरलंय."

मला वाचवायला त्यांना कुणी सांगितलं होतं? आता वर हे उपकारही त्यांचेच.

सगळे गेल्यावर हे आत आले. "तू काही बोललीस का कुणाजवळ?"

"बोलायला मला कुणी विचारलंय कुठे?"

हे म्हणाले, "बघू आता काय होतं ते."

सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "बघ, बघ. तुझा बापही असाच. न्यायला यमदूत आले तेव्हा त्यांनासुद्धा म्हणाला असेल, या हं, बघू. तेही बिचारे हो समजून दोन दिवस दारात बसले."

मी हसून घेतलं. ह्यांच्या तोंडावर मात्र हसू नव्हतं. आईकडे असे बघत राहिले, जसं काही ती परक्या भाषेत बोलली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कप एक फुटला (माझ्या हातून). दारावर पुन्हा दोन कुलपं, दोन्ही नवी. या भांडणात कुलूपवाला तेवढा सुखी.

हे जेवत नाहीत. बाईंशी व्हरांड्यात बोलत बसतात. बाई बोलतात कमी, विचारतात जास्त. आज एक वाक्य कानावर आलं. हे म्हणत होते, "मला वाटायचं, मी कुणाचं मन मोडत नाही." पुढचं ऐकू आलं नाही, कारण कुकरची शिट्टी झाली.

हे वाक्य ह्यांनी मला सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, खरंच तर आहे, तुम्ही कुणाचं मन मोडत नाही. मग त्यांना सांगून काय मिळालं? आल्यावर चेहरा होता त्याहून उतरलेला.

१६ फेब्रुवारी, रविवार

आजचं सगळं लिहायला हवं.

दोन्हीकडचे सगळे आले. सहा खुर्च्या पुरल्या नाहीत. पलंगावर, उंबऱ्यावर, जिथे जागा मिळाली तिथे बसले. सकाळ एकीकडे, दुपार एकीकडे, मधून सतरंजीचा पट्टा मोकळा, जसा काही ओढाच वाहतोय. मी चहा आधीच देऊन टाकला आणि या खेपेला पडद्यामागे स्टुलावर पाय वर घेऊन बसले.

बाई म्हणाल्या, "आज मी काही बोलणार नाही. सरांना बोलायचं आहे."

हे उभे राहिले. हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं, म्हणून चष्मा काढून हातात धरला. म्हणाले, "मागच्या वर्षी पहिलीच्या बाई माझ्याकडे आल्या, वरची खोली मागायला. मी म्हणालो, बघू. त्याच आठवड्यात गणितसर आले. त्यांनाही म्हणालो, बघू. बाई समजल्या मिळाली. सर समजले मिळाली. दोघंही खरं बोलताहेत. खोटा कुणी असेल तर मी."

एवढ्या लोकांत स्वतःच्या तोंडाने! हे त्या बाईंनीच करायला लावलं असणार.

"मला नाही म्हणता येत नाही," हे म्हणाले. "कधीच आलं नाही. मला वाटायचं हा चांगुलपणा आहे. समोरचा माणूस हसत बाहेर जातो, बरं वाटतं. तो पुढे कुठे जाऊन आपटतो, ते मला बघावं लागत नाही. कुलपं तुम्ही लावलीत, पण घडवली मी."

गणितसर खाली बघत होते. सुजलेला अंगठा चोळत होते. मग म्हणाले, "सर, तुमचं म्हणणं असं की तुम्ही आम्हाला कबूलच केलं नव्हतं."

"हो, हेच."

"आणि यांनाही नाही."

"हो."

"म्हणजे आम्ही वर्षभर कशासाठी भांडलो?" त्यांनी पहिलीच्या बाईंकडे पाहिलं. "एका 'बघू'साठी?"

पहिलीच्या बाईंना हसू फुटलं. आधी तोंड दाबून, मग काही दाबता येईना. "अहो, मी तर घरी सांगून बसले, वरची खोली मिळाली म्हणून! सासऱ्यांनी पेढे..." पुढे बोलवेना त्यांना. मग ओढ्याच्या दोन्ही काठांवर हसणं सुरू झालं. हे तेवढे हसत नव्हते.

"मग आता खरं उत्तर काय, सर?" गणितसर म्हणाले. "बघू सोडून."

ह्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "खोली लहान मुलांना. तुम्हाला नाही."

मला वाटलं, झालं, गेली खुर्ची, गेलं घर.

हे म्हणाले, "प्रयोगांना पाणी लागतं. वर नळ नाही, आणि मी तो दोन वर्षांत देऊ शकणार नाही. तळमजल्यावरची सामानाची खोली मी उद्यापासून रिकामी करतो, तिथे नळ आहे. उजेड कमी आहे, हे खरं. ते तुम्हाला आवडणार नाही, हेही मला माहीत आहे."

"नाही आवडलं," गणितसर म्हणाले. "अजिबात नाही." मग एक मोठा श्वास टाकला. "पण कळलं तरी. नाही तर नाही. नाहीवर माणूस उभा तरी राहू शकतो." खिशातून किल्ली काढून सतरंजीच्या मोकळ्या पट्ट्यावर ठेवली. पहिलीच्या बाईंनीही आपली पुढे सरकवली. नवी कुलपं आठ दिवससुद्धा वापरली नाहीत. दुकानदार परत घेईल का, विचारायला हवं.

ह्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. लग्नातसुद्धा नाही. आणि आज ऐकला तो पडद्याआडून, स्टुलावर पाय घेऊन. समोर बसून ज्यांनी ऐकला, त्या नव्या बाई मान हलवत होत्या, जसं काही आपल्या लेकराने कविता न चुकता म्हटली.

देवाचे आभार मानले. मानतानासुद्धा डोळ्यांपुढे ती हलणारी मान.

२३ फेब्रुवारी, रविवार

सभा झाली. खुर्ची राहिली, घर राहिलं. अध्यक्ष म्हणाले म्हणे, की नव्या बाईंच्या शब्दावरच हे झालं. यांच्याशिवाय दुसरा मुख्याध्यापक शोधू नका, असं त्यांनी कळवलं होतं. बघा, म्हणजे आता आमचं घरसुद्धा त्यांच्या शब्दावर उभं.

बाई संध्याकाळच्या गाडीने संस्थेच्या दुसऱ्या शाळेत गेल्या. तिथेही काहीतरी पेटलंय. मी त्यांना प्रवासासाठी डबा दिला, घट्ट झाकणाचा. त्या माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "वहिनी, तुमच्याशिवाय हे झालं नसतं." हा टोमणा होता का, ते मी अजून विचार करतेय. चेहऱ्यावर तर काही नव्हतं.

मी आत फाटकाची किल्ली आणायला गेले. परत येते तो व्हरांड्यात बाई काहीतरी बोलल्या आणि हे हसले. नेहमीचं तोंडातल्या तोंडात नाही. मान मागे टाकून, खांबाला हात धरून. असं हसताना मी ह्यांना पाहिलंय का, आठवून पाहिलं. नाही आठवलं.

रिक्षा गेल्यावर विचारलं, "काय म्हणाल्या?"

"काही नाही गं. तेव्हाचं तेव्हा. तिथे असायला हवं होतंस."

तिथेच तर होते. दारात. हातात किल्ली घेऊन.

२ मार्च, रविवार

बाई गेल्या की सगळं पहिल्यासारखं होईल असं वाटलं होतं.

ह्यांनी परवा न्हाणीघराच्या दाराला कडी लावली. काल सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं, चष्माही लगेच करून आणला. सासूबाई म्हणतात, "मला आता स्पष्ट दिसतंय, घर फार कळकट आहे." मी म्हटलं, संधी साधावी. जेवताना म्हटलं, "उन्हाळ्यात आईकडे आठ दिवस जाऊन येऊ का आपण?"

ह्यांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "यंदा नाही. खालच्या खोलीचं काम सुट्टीतच करायचंय, मला इथे राहावं लागेल. तू जा. मी पुढच्या वर्षी नक्की येईन."

मी ताट सारलं आणि रडले. "बघू" म्हणाले असते तर उन्हाळ्यापर्यंतचे दिवस सुखात गेले असते. मी मनातल्या मनात पिशवी भरली असती, गाडीत खिडकीशी कोण बसायचं ते ठरवलं असतं. दर वर्षी तेच तर करते. जाण्यापेक्षा तेच जास्त वेळ चालतं.

ह्यांनी ताट सोडून माझ्यासमोर बैठक मारली. म्हणाले, "तुझं म्हणणं असं की, मी शाळेत सगळ्यांना वेळ देतो आणि तुला देत नाही."

माझ्याशी! ते पोपटाचं काम, माझ्याशी! "हो, हेच" म्हणायला तोंड उघडलं होतं. पण ते हेच नव्हतं.

"हे नाही," मी म्हटलं.

विचार केला त्यांनी. "तुझं म्हणणं असं की, बाई इथे येत होत्या ते तुला आवडलं नाही."

"हेही नाही."

जेवण गार झालं. सासूबाई आपल्या खाटेवरून नव्या चष्म्यातून आमच्याकडे टक लावून बघत होत्या. शेवटी हे म्हणाले, "मग तूच सांग. मला येत नाहीये."

काय सांगणार? कुणाचं हसू कुणाला मागता येतं का? मी म्हटलं, "जेवून घ्या आता."

त्यांनी जेवून घेतलं. पण उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. तोही तसा नवाच.

६ मार्च, गुरुवार

बाईंना पत्र लिहून टाकलं. ह्यांना सांगितलेलं नाही. टपालाचा भरवसा नाही, म्हणून नक्कल इथे उतरून ठेवते.

"बाईंना नमस्कार.

आम्ही सर्व खुशाल आहोत. वरच्या खोलीत लहान मुलं वाचतात, खिडकीतून मला ऐकू येतं. तीच गोष्ट रोज वाचतात, मला पाठ झाली. खालच्या खोलीत गणितसरांनी बाटल्या मांडल्या. उजेड कमी म्हणून रोज एकदा कुरकुर करतात, पण पहिलीच्या बाईंकडून त्यांनी दिवा मागून आणला आणि त्यांनी दिला. घडीच्या खुर्च्या परत केल्या. तुमच्या येण्याजाण्याचा चहा शाळेने दिला नाही. हे म्हणाले, 'नाही देता येणार.' असं आता स्पष्ट म्हणतात.

माझ्या एका बोलण्यावरून तुम्हाला मध्ये ऐकून घ्यावं लागलं. तुम्ही पडद्याकडे पाहिलं होतं, म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. राग येऊन गेला, मग बरं वाटलं, मग पुन्हा थोडा राग आला. देवाला साक्षी ठेवून खरं तेच लिहिते.

तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्ही निघालात त्या दिवशी व्हरांड्यात तुम्ही ह्यांना काहीतरी म्हणालात आणि हे मान मागे टाकून हसले. मी विचारलं तर सांगत नाहीत. मोठं काही नसेल, मला माहीत आहे. पण ते काय होतं? जसं बोललात तसंच लिहा, शब्द बदलू नका. कसं म्हणालात, हळू की मोठ्याने, तेही लिहा. मला करून बघायचं आहे.

सोबत माझं नाव आणि पत्ता घातलेलं पाकीट जोडलं आहे, तिकीट लावलेलं आहे. उत्तर माझ्या नावे पाठवावं, ह्यांच्या नको. उलटटपाली कळवावं."